महागडं इलेक्ट्रॉनिक्स घेताना रोख मोजावी की कार्ड द्यावं?

मोठ्या खरेदीला रोख द्यावी की कार्ड, याचं उत्तर बहुतेकजण सवयीनं देऊन टाकतात. उधारीचा तिटकारा असलेले नोटा मोजतात, कार्डावर मिळणाऱ्या बक्षीस-पॉइंटची गोडी लागलेले कार्ड पुढे करतात. दोघांचंही कधी साधतं, कधी फसतं. कारण या दोन साधनांचा जोर वेगवेगळ्या वेळी चालतो. रोख रकमेचा जोर पैसे गल्ल्यात पडेपर्यंत. भाव पाडून घ्यायला तिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, पण एकदा नोटा गेल्या की तो जोर संपला. कार्डाचा जोर तिथून पुढे सुरू होतो: वस्तू आलीच नाही, बिघडलेली निघाली, भलतीच निघाली किंवा दुकानालाच टाळं लागलं, तर. लॅपटॉप, कॅमेरा, मोठा टीव्ही, वरच्या श्रेणीतला फोन, यांपैकी काहीही घ्या; ठरवायचं एवढंच असतं की या खरेदीत आधी मिळणारा भाव मोठा की नंतर लागू शकणारा आधार.

पायरी १: पैसे खरंच आहेत का, ते बघा

सुरुवात दुकानात नको, खात्यापासून करा. पूर्ण किंमत आज खात्यात आहे आणि ती दिल्यावरही दोन-तीन महिन्यांचा घरखर्च शिल्लक राहतो, असं असेल तरच ‘रोख की कार्ड’ हा प्रश्न तुमच्यासाठी आहे. नसेल, तर तुम्ही कर्ज निवडताय. आणि कर्ज म्हणून बघितलं तर क्रेडिट कार्डाइतकं महाग कर्ज शोधूनही फारसं सापडत नाही. भारतातल्या अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे. अमेरिकेतही कार्डांचा सरासरी वार्षिक दर २० टक्क्यांच्या वर गेलेला आहे.

हे आकडे कागदावर तितकेसे टोचत नाहीत, म्हणून एक हिशेब करू. १,२०० ची वस्तू घेतली, चलन कुठलंही धरा. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, आणि तुम्ही दर महिन्याला बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरताय, समजा थकबाकीच्या ५ टक्के. वर्षभरात खिशातून साधारण ६८० जातात. थकबाकी तरीही ९८० च्या आसपास उरते. म्हणजे ६८० पैकी ४६० नुसतं व्याज. नवीन काही घेतलं नाही, हे गृहीत धरून.

घेतलंत, तर आणखी एक गोष्ट होते. बिल पूर्ण भरलं नाही की बहुतेक कार्डांची बिनव्याजी मुदत रद्द होते. जुन्या खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतंच, शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून मीटर चालू होतं. ‘थोडंसंच तर बाकी ठेवलं’ हे म्हणणं इथे महागात पडतं.

आणि रोख द्यायची म्हणून क्रेडिट कार्डानं एटीएममधून पैसे काढू नका. त्यावर शुल्क वेगळं, व्याज काढल्या क्षणापासून, आणि कार्डाचं खरेदीवरचं संरक्षणही गेलं. दोन्हीकडचे तोटे एकत्र.

पायरी २: एकाच वस्तूचे दोन भाव काढा

आधी मॉडेल नक्की करा, अगदी मेमरी, स्टोरेज आणि रंगापर्यंत. मॉडेल डळमळीत असेल तर दुकानदार भावाची तुलनाच होऊ देत नाही. ‘या भावात त्यापेक्षा हे घ्या’ सुरू होतं. मग पैसे कसे देणार हे न सांगता भाव विचारा. तो कमी करून घ्या. आता विचारा, ‘रोख दिले तर शेवटचा भाव काय?’ आणि त्यानंतर, ‘कार्डावर काय, कुठल्या बँकेची काही सूट आहे का?’ क्रम असाच ठेवा. पहिल्याच वाक्यात ‘हप्त्यावर घ्यायचंय’ म्हणालात की समोरचा मासिक आकडा सांगू लागतो आणि मूळ किंमत बाजूला पडते.

रोखीवर सूट मिळते ती दुकानदाराच्या उदारपणामुळे नाही. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे त्याला शुल्क द्यावं लागतं, आणि पैसेही साधारण एक-दोन दिवसांनी हाती येतात. हे शुल्क देशागणिक बदलतं. युरोपीय संघानं २०१५ मध्ये यातल्या, दुकानदाराच्या बँकेनं कार्ड देणाऱ्या बँकेला द्यायच्या शुल्काला वैयक्तिक क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्के आणि डेबिट कार्डासाठी ०.२ टक्के अशी मर्यादा घातली. जिथे अशी मर्यादा नाही तिथे क्रेडिट कार्डाचा खर्च दुकानदाराला दीड ते तीन टक्क्यांपर्यंत पडू शकतो. तुमचे पॉइंट आणि कॅशबॅक मुख्यतः याच पैशातून येतात, म्हणून शुल्क कमी असलेल्या देशांत कार्डांची बक्षिसंही बेताचीच असतात.

यावरून एक ठोकताळा मिळतो. रोखीवर दोन-तीन टक्के सूट मिळाली तर ती समजण्यासारखी आहे, तेवढे त्याचे वाचतातच. पण कोणी अचानक आठ-दहा टक्के सोडायला तयार झाला, तर कारण विचारा. बहुतेकदा पक्कं बिल मिळणार नसतं, किंवा वस्तू दुसऱ्या देशासाठी बनलेली असते आणि तिची वॉरंटी इथे चालत नाही, किंवा खोका आधी कुणीतरी उघडलेला असतो. स्वस्तात मिळतंय म्हणून डोळे झाकायची ही जागा नव्हे.

उलट बाजूनं, काही दुकानं कार्डाला वरून दोन टक्के मागतात. ब्रिटनमध्ये वैयक्तिक कार्डांवर असा जादा आकार लावायला १३ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. इतर ठिकाणी नियम वेगळे आहेत, पण तुमच्यापुरतं गणित सोपं: तो आकार कार्डाच्या भावात मिळवा आणि मगच तुलना करा.

कार्डाच्या बाजूला तीन गोष्टी लिहा: लगेच मिळणारी सूट, नंतर येणारा कॅशबॅक आणि पॉइंट. पहिली पूर्ण धरा, पण ‘कमाल सूट’ किती ते वाचून. दहा टक्के मोठ्या अक्षरांत असतं आणि वरची मर्यादा तळटिपेत. कॅशबॅक कधी जमा होणार ते बघा. पॉइंटचं पैशात रूपांतर करून बघा. साध्या कार्डावर ते किमतीच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे क्वचित जातं, आणि काही कार्डांवर हप्त्यांच्या खरेदीला पॉइंट मिळतच नाहीत.

इथेच एक सावधगिरी. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या ड्रेझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बंद बोली मागवल्या. काहींना रोख द्यायची होती, काहींना कार्डानं. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या घरात गेली. तिकिटं तीच, फक्त पैसे द्यायची पद्धत वेगळी. म्हणून कमाल रक्कम घरून ठरवून जा. दुकानात ‘एवढं घेताय तर वरचंच मॉडेल घ्या’ ऐकू आलं, की खिशात तेवढ्या नोटा असत्या तर मोजल्या असत्या का, हे स्वतःला विचारा. दोन टक्के वाचवायला गेलेला माणूस वीस टक्के महाग मॉडेल घेऊन येतो, तेव्हा पॉइंट मोजण्यात अर्थ उरत नाही.

पायरी ३: ‘बिनव्याजी’ हप्ते उलगडून बघा

रोख आणि कार्ड यांच्या मध्ये हप्त्यांचा पर्याय उभा असतो, आणि सगळ्यात जास्त धूळफेक तिथेच होते. व्याज कोणीतरी देतंच. भारताच्या रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट कळवलं होतं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत व्याज अनेकदा प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली ग्राहकाकडून वसूल होतं. आज सहसा असं दिसतं की विक्रेता किंवा कंपनी व्याजाइतकी सूट किमतीत देते आणि बँक तेवढंच व्याज लावते. कागदावर बरोबरी होते. पण त्या व्याजावर कर असेल तर तो तुम्ही भरता, प्रक्रिया शुल्क तुम्ही भरता, आणि मुख्य म्हणजे रोखीची सूट सोडून देता.

पुन्हा तीच १,२०० ची वस्तू. रोख दिले तर ५ टक्के सूट, म्हणजे १,१४०. ‘बिनव्याजी’ घेतली तर १०० चे १२ हप्ते. वरकरणी व्याज शून्य. पण खरं पाहता तुम्ही १,१४० उसने घेऊन १,२०० फेडताय. दर महिन्याला मुद्दल कमी होत असल्यामुळे याचा वार्षिक दर साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येतो. वर सुरुवातीलाच २४ प्रक्रिया शुल्क घेतलं तर साडेतेराच्या घरात जातो. यात काही भयंकर नाही. साडेनऊ टक्क्यांनी मिळणारं कर्ज कधीकधी चांगलंही असतं. फक्त ते कर्ज आहे हे कळून घ्यावं.

दुसरा सापळा ‘फ्लॅट’ दराचा. १,२०० वर १२ टक्के फ्लॅट म्हणजे १४४ व्याज, एकूण १,३४४, महिन्याला ११२. ऐकायला १२ टक्के. पण सहाव्या महिन्यानंतर तुमच्याकडे जेमतेम निम्मं कर्ज उरलेलं असतं आणि व्याज मात्र पूर्ण १,२०० वर मोजलं जात असतं. घटत्या शिल्लकीच्या हिशेबानं हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. दुकानातल्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारा: ‘सगळं धरून मी एकूण किती भरणार, आणि आज रोख दिले तर किती?’ या दोन आकड्यांतला फरक हाच हप्त्यांचा खर्च.

हप्ते घेतलेच तर एवढं लक्षात ठेवा की पूर्ण रकमेची मर्यादा कार्डावर अडकते आणि हप्ते फिटतील तशी हळूहळू सुटते. वस्तू परत केली तरी प्रक्रिया शुल्क आणि तोवर भरलेलं व्याज परत मिळेलच असं नाही.

पायरी ४: तारीख आणि मर्यादा

हे झटपट आटपतं, पण फायदा चांगला. समजा तुमचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि २५ ला भरायचं असतं. ४ तारखेला खरेदी केलीत तर २१ दिवस मिळतात, ६ ला केलीत तर जवळपास ५०. दोन दिवस थांबून एक महिना बिनव्याजी. पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी कार्डाचा हा सरळ फायदा आहे, ती रक्कम तोवर खात्यात राहते.

मर्यादेचंही बघा. एका खरेदीनं कार्डाची बहुतेक मर्यादा भरली तर पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) तात्पुरता खाली येऊ शकतो. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहावं असं सर्वसाधारणपणे सांगतात. पुढच्या काही महिन्यांत घरकर्जासाठी अर्ज करायचा असेल तर बिल निघण्याआधीच रक्कम भरून टाका. आणि नेहमीपेक्षा मोठी रक्कम असेल तर ॲपमधली प्रतिव्यवहार मर्यादा आदल्या दिवशी वाढवून ठेवा. नाहीतर बँकेची यंत्रणा व्यवहार अडवते आणि काउंटरवर मागे रांग लागलेली असते.

पायरी ५: समोर कोण आहे, त्यावर ठरवा

दोन भावांतला फरक हाती आला. माझा नियम असा: फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर कार्ड, कारण तेवढ्या पैशात मिळणारा विमा स्वस्तच म्हणायचा. पाच टक्क्यांच्या वर असेल, दुकान जुनं आणि माहितीतलं असेल, वस्तू हातात बघून घेणार असाल आणि पक्कं बिल मिळत असेल, तर रोख. मधल्या पट्ट्यात विक्रेत्याकडे बघायचं.

कार्डाचा विमा म्हणजे नेमकं काय, ते नीट कळलं तर हे ठरवणं सोपं जातं. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत चार्जबॅक नावाची सोय आहे. वस्तू आली नाही, वर्णनाप्रमाणे नाही किंवा कबूल केलेला परतावा दिला नाही, तर तुमची बँक विक्रेत्याच्या बँकेकडून पैसे परत मागू शकते. बऱ्याच तक्रारींसाठी मुदत १२० दिवसांची असते, ती कधी व्यवहाराच्या तर कधी वस्तू मिळायला हवी होती त्या तारखेपासून मोजतात. काही देशांत यावर कायद्याचंही छत्र आहे. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ नुसार, १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेल्या वस्तूबाबत क्रेडिट कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. गंमत म्हणजे किमतीतला थोडा भाग जरी क्रेडिट कार्डानं दिला असेल तरी ही जबाबदारी पूर्ण रकमेला लागू होते. अमेरिकेत १९७४ च्याच एका कायद्यानं बिलातल्या चुकीबद्दल ६० दिवसांत लेखी तक्रार करायचा हक्क दिला; क्रेडिट कार्डाच्या अनधिकृत वापरासाठी ग्राहकाची जबाबदारी तर त्याआधीच, १९७० मध्ये, कमाल ५० डॉलरवर आणलेली होती.

डेबिट कार्डालाही चार्जबॅक असतो, पण वाद मिटेपर्यंत पैसे तुमच्या खात्यातून गेलेले असतात. थेट बँक हस्तांतरण किंवा मोबाइलवरून पाठवलेले पैसे संरक्षणाच्या दृष्टीनं रोखीच्याच रांगेत.

तेव्हा आगाऊ पैसे द्यायचे असतील, वस्तू महिनाभरानं येणार असेल, विक्रेता अनोळखी किंवा ऑनलाइन असेल, दुकानात ‘बंद होत आहे, सर्व माल विक्रीला’ अशी पाटी असेल, तर फरक पाच टक्के असला तरी कार्डच. मोठी नावंही बुडतात. ब्रिटनमधली कॉमेट ही इलेक्ट्रॉनिक्सची साखळी नोव्हेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबरात तिची शेवटची दुकानं बंद झाली. अशा वेळी आगाऊ रोख भरलेला माणूस ज्यांचे पैसे येणं आहे त्यांच्या रांगेत अगदी शेवटी उभा असतो.

विकणारी खासगी व्यक्ती असेल, वस्तू जुनी असेल, तर कार्डाचा प्रश्न सहसा येतच नाही. तिथे गजबजलेल्या ठिकाणी भेटा, फोन किंवा लॅपटॉप आधीच्या मालकाच्या खात्यातून पूर्ण बाहेर काढून, रीसेट करून, तुमच्यासमोर नव्यानं सुरू करून घ्या, आणि मगच पैसे द्या. ‘घरी जाऊन पासवर्ड पाठवतो’ हे ऐकलं की निघा.

पायरी ६: रोख द्यायचं ठरलं तर

आधी कायदा. मोठी रोख सगळीकडे चालत नाही. भारतात १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही. फ्रान्समध्ये तिथल्या रहिवाशांना व्यावसायिकाला १,००० युरोपेक्षा जास्त रोख देता येत नाही, म्हणजे चांगला लॅपटॉपही त्या मर्यादेबाहेर जातो. स्पेनमध्येही अशीच १,००० युरोची मर्यादा आहे. संपूर्ण युरोपीय संघासाठी १०,००० युरोची मर्यादा २०२७ मध्ये लागू होते आहे.

मग क्रम. पैसे शेवटी. आधी खोका काउंटरवर उघडायला सांगा. खोक्यावरचा अनुक्रमांक, वस्तूवरचा अनुक्रमांक आणि सेटिंग्जमध्ये दिसणारा अनुक्रमांक, तिन्ही जुळले पाहिजेत. फोन असेल तर *#०६# डायल करा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पडद्यावर येतो, तो खोक्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून मेलेला, म्हणजे रंग न बदलणारा, ठिपका (डेड पिक्सेल) शोधा. चार्जर लावून बघा. पाच-सात मिनिटं जातात, विक्रेता थोडा कंटाळतो, कंटाळू द्या. रोखीचा व्यवहार असेल तर तुमची सगळी ताकद या पाच-सात मिनिटांत आहे.

बिलावर दुकानाचं नाव, पत्ता, कर नोंदणी क्रमांक, तारीख, मॉडेल, अनुक्रमांक आणि ‘रोख मिळाली’ हे शब्द हवेत. साध्या कागदावरचं कच्चं बिल वॉरंटीच्या वेळी कोणी विचारत नाही. नोटा मोजणी यंत्रात दोघांच्या नजरेसमोर मोजा. परताव्याची अटही आधीच विचारा. अनेक दुकानं रोख परत देत नाहीत, ‘तेवढ्याचं दुसरं काहीतरी घ्या’ म्हणतात.

बिलाचा फोटो तिथल्या तिथे काढा. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते आणि वॉरंटी मात्र वर्षभर चालते.

पायरी ७: कार्ड द्यायचं ठरलं तर

वरची तपासणी इथेही करा. आधार आहे म्हणून आंधळेपणा नको. मशीनवरची रक्कम स्वतः वाचून मगच पिन टाका, कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका. परदेशात खरेदी करताना मशीन विचारतं की तुमच्या चलनात घेऊ की इथल्या? नेहमी तिथलं स्थानिक चलन निवडा. तुमच्या चलनात रूपांतर करण्याची ती ‘सोय’ जवळपास नेहमी वाईट दरानं होते. शिवाय तुमची बँक परदेशी व्यवहारावर जे काही टक्के लावते तेही हिशेबात धरा, नाहीतर तिकडचा स्वस्त भाव इकडे आल्यावर सारखाच निघतो.

रोख आणि कार्ड मिळून पैसे देणार असाल तर दोन्ही रकमा एकाच बिलावर लिहून घ्या. व्यवहार मध्येच फसला आणि खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला, तर घाईनं दुसऱ्यांदा स्वाइप करू नका. आधी ॲपमध्ये बघा, दुकानदाराकडून व्यवहार अयशस्वी झाल्याची पावती घ्या.

पायरी ८: घरी आल्यावर

सील फोडतानाचा व्हिडिओ काढा, विशेषतः ऑनलाइन आलेल्या वस्तूचा. लेबल आणि अनुक्रमांक एकाच सलग चित्रणात यावेत. बिघाड दिसला तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मेल किंवा चॅटवर, तारखेसह. फोनवरच्या आश्वासनाचा पुरावा नसतो. तो टाळाटाळ करायला लागला की थेट बँकेकडे वाद नोंदवा आणि हा पत्रव्यवहार जोडा. ‘उद्या नक्की’ ऐकत बसण्यात मुदत संपते, आणि काही विक्रेते त्याचीच वाट बघत असतात. मन बदललं हे मात्र चार्जबॅकचं कारण होत नाही. त्यासाठी दुकानाचं परतीचं धोरण किंवा कायदा बघावा लागतो; युरोपीय संघात ऑनलाइन खरेदीत वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता करार रद्द करता येतो, पैसे कसेही दिलेले असोत.

वाद चालू असताना बाकीचं बिल वेळेवर भरत राहा आणि वादातल्या रकमेचं काय करायचं ते बँकेकडून लेखी घ्या. परतावा मंजूर झाला तरी तो खात्यावर दिसायला काही दिवस लागतात, आणि तोवर बिलाची तारीख आली तर तुमच्या बाजूनं थकबाकी व्हायला नको. आणखी एक: परतावा सहसा ज्या कार्डानं पैसे दिले त्याच कार्डावर येतो. म्हणून परतीची मुदत आणि चालू वाद संपेपर्यंत ते कार्ड बंद करू नका, नाहीतर त्या पैशांचा माग काढण्यासाठी बँक आणि विक्रेता यांच्यात खेटे घालावे लागतात.